स्प्रिंग स्टीलच्या लँडिंग गिअर लेगवर क्रोम किंवा झिंक प्लेटिंग केलं तर चालेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही घरी दोन सीटचं टेलड्रॅगर (शेपटीखाली छोटं चाक असलेलं विमान) बांधताय, मेन गिअरचे पाय म्हणजे स्प्रिंग स्टीलचे टेपर केलेले गोल रॉड, त्यावर गंजाचे डाग दिसायला लागलेत. प्लेटिंगवाला म्हणतो क्रोम मारून देतो, नंतर तासभर भट्टीत ठेवतो, काही होणार नाही. मित्र म्हणतो पाय मोडतील. आणि ४१३० चे (क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे) ब्रॅकेट तुम्ही आधीच झिंक करून आणलेत, त्यांना तर काही झालं नाही, मग पायांनाच काय होणार अशी तुमची शंका आहे. त्याच लॉटमध्ये टेलव्हीलची स्प्रिंग पट्टी आणि थोडे बोल्ट पण झिंक झालेत.

मित्राचं ऐका. पाय प्लेटिंगला देऊ नका, क्रोम नको, झिंक नको, निकेलही नको. मी बरीच वर्षं हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग झालेल्या पार्टच्या तपासणीचं काम केलंय आणि या एका बाबतीत मी कुणालाही "बघा बुवा, तुमचं तुम्ही ठरवा" असं म्हणत नाही. पण नुसतं नाही म्हटलं तर उद्या दुसरा प्लेटिंगवाला दुसरंच काहीतरी सांगेल आणि परत मन डळमळेल, म्हणून कारण नीट लिहितो. थोडक्यात सांगायचं तर प्लेटिंग करताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि कडक पोलाद त्याने ठिसूळ होतं.

ब्रॅकेटला झालं नाही मग पायाला कसं होईल, तर हा सगळा हार्डनेसचा मामला आहे. होमबिल्टमध्ये आपण जे ४१३० वापरतो ते बहुतेक नॉर्मलाइज्ड (तापवून हवेत थंड केलेलं, मऊ) असतं, टेन्साइल म्हणजे ताणून तुटायची ताकद साधारण ६५० मेगापास्कलच्या आसपास, रॉकवेल सी (एचआरसी) या हार्डनेसच्या मापावर मोजायला गेलं तर २० च्याही खाली. एवढ्या मऊ पोलादात प्लेटिंगच्या टाकीतला हायड्रोजन शिरला तरी ते सहन करून घेतं, ताण आला की जरा वाकतं, ताण पसरतो आणि विषय संपतो. गिअरचे पाय मात्र सहसा ६१५० सारख्या क्रोम-व्हॅनेडियम स्प्रिंग स्टीलचे असतात, पाणी देऊन (तापवून झटकन थंड करून कडक केलेले) आणि मग टेम्पर केलेले, हार्डनेस चाळिशीत. प्लेटिंगच्या स्टँडर्डमध्ये धोक्याची रेघ साधारण तिथेच मारलेली असते, ३९-४० एचआरसी किंवा १२०० मेगापास्कलच्या आसपास, त्याच्या खाली सहसा निवांत आणि वर जाल तसा धोका झपाट्याने वाढतो. म्हणजे पोलादाचं नाव काय आहे यावर काही ठरत नाही, तुमचंच ४१३० कुणी पाणी देऊन १२५० मेगापास्कलपर्यंत नेलं असेल तर त्यालाही हाच नियम लागतो. त्यामुळे प्लेटिंगवाल्याने तुम्हाला हार्डनेस विचारलाच नसेल तर तिथेच थांबायचं, पार्ट परत घ्यायचा आणि घरी यायचं.

आता हा हायड्रोजन येतो कुठून. पहिली जागा म्हणजे पिकलिंगची ॲसिडची टाकी, जिथे प्लेटिंगच्या आधी गंज आणि खपली काढतात. ॲसिड लोखंडावर काम करायला लागलं की पृष्ठभागावर हायड्रोजनचे सुटे अणू तयार होतात, बहुतेक दोन-दोन जोडी करून बुडबुडे होऊन वर निघून जातात, पण थोडे एकेकटे पोलादाच्या आत शिरतात. सुटा अणू इतका लहान असतो की लोखंडाच्या स्फटिकातून तो आरामात फिरतो, अगदी रूम टेम्परेचरला सुद्धा. दुसरी जागा म्हणजे खुद्द प्लेटिंगची टाकी. तिथे तुमचा पार्ट कॅथोड असतो, म्हणजे निगेटिव्ह टोकाला जोडलेला, म्हणजे धातू जिथे चढतो तिथेच हायड्रोजनही सुटतो. यात क्रोम सगळ्यात वाईट, कारण क्रोमच्या टाकीत दिलेल्या करंटपैकी जेमतेम १०-२० टक्के करंट क्रोम चढवायला लागतो आणि बाकीचा बहुतेक सगळा हायड्रोजन बनवण्यात जातो. ॲसिड क्लोराइड झिंकची टाकी त्या मानाने बरी, पण तिच्याआधी पिकलिंग आहेच ना, मग काय उपयोग.

हे काही नवीन कुणी शोधलेलं नाही. विल्यम जॉन्सन नावाच्या माणसाने १८७५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे हेच मांडलं होतं, की लोखंडी तार काही मिनिटं ॲसिडमध्ये बुडवली की जी आधी दोन-तीनदा पुढेमागे वाकवली तरी टिकत होती ती एकदा वाकवताच तुटते, आणि तशीच काही काळ ठेवली तर परत पहिल्यासारखी होते. म्हणजे दीडशे वर्षं झाली, आणि अजूनही हा विषय प्लेटिंगच्या काउंटरवर "अहो काही होत नाही" या वाक्यावर संपतो याचा मला खरंच त्रास होतो.

आत शिरलेला हायड्रोजन सगळीकडे सारखा पसरून बसत नाही, जिथे पोलाद ताणलं गेलंय तिकडे तो सरकत जातो, म्हणजे खाचेच्या टोकाशी, भोकाच्या कडेला, जुन्या ओरखड्याखाली. वजनाने दहा लाखात एखाद-दुसरा भाग एवढा हायड्रोजन सुद्धा खूप कडक पोलादाला पुरतो कारण तो नेमका एका जागी गोळा होतो. तिथे कणांच्या सीमांवरची पकड सैल होते, एक बारीक चीर पडते, चिरेच्या टोकाशी परत ताण, परत हायड्रोजन तिकडे, परत चीर पुढे. त्यामुळे पार्ट लगेच मोडत नाही. टाकीतून काढला तेव्हा छान, बसवला तेव्हा छान, वाकवून पाहिला तरी छान, आणि मग काही तासांनी, काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी एकदम तुटतो, तोही त्याच्या ताकदीच्या बराच खालच्या लोडला, आणि तुटलेल्या तोंडावर वाकल्याची, ताणल्याची काही खूण दिसत नाही.

गिअरच्या पायाचं वेगळेपण इथे आहे आणि तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. लोक विचार करतात की पाय मोडला तर जोरात लँडिंग झाल्यावर मोडेल, म्हणजे आपण हळू उतरवू. पण धक्क्याने मोडणं हा या आजाराचा स्वभावच नाही. अणूंना सरकायला वेळ लागतो, त्यामुळे क्षणभराच्या दणक्यापेक्षा सतत राहणारा लोड यात जास्त घातक असतो. आणि विमानात सतत लोड कुणावर असतो, तर पायांवर. विमान हँगरमध्ये उभं आहे, कुणी हात लावत नाहीये, पण दोन्ही पाय चोवीस तास वाकलेले आहेत, बाहेरचा थर कायम ताणात आहे, वर सॉकेटमध्ये जिथे पाय घुसतो आणि जिथे बोल्टचं भोक आहे तिथे सगळ्यात जास्त. विमानातला दुसरा कुठला मोठा पार्ट असा सतत वाकलेला राहत असेल असं मला तरी आठवत नाही. रात्री उभ्या विमानाचा पाय मोडून पंख जमिनीला टेकला तर त्याला मी नशीबच म्हणेन, कारण तीच चीर अर्धी होऊन थांबली आणि उरलेला अर्धा भाग टॅक्सी किंवा टेकऑफ रोलमध्ये गेला तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको.

सतत लोड म्हणजे काय असतं ते पाहायचं तर सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे ब्रिजचं उदाहरण घ्या. मार्च २०१३ मध्ये तिथले तीन इंच जाडीचे, गॅल्वनाइज केलेले, उच्च ताकदीचे अँकर रॉड ताणून कसले आणि पुढच्या काही दिवसांतच ९६ पैकी ३२ रॉड तुटले. वर ना वाहतूक होती ना भूकंप, नुसते कसून ठेवलेले. तिथे हायड्रोजन प्लेटिंगच्या टाकीतून आलेला नव्हता, रॉड आधी काही वर्षं पाणी साचणाऱ्या भोकांत पडून होते आणि पोलाद त्या हायड्रोजनला बळी पडणाऱ्यातलं होतं. म्हणजे दुसरा धडा असा की हायड्रोजन नंतरही येऊ शकतो. झिंक किंवा कॅडमियम स्वतः गंजून पोलादाला वाचवतं हे खरं, पण ओरखडा पडून पोलाद उघडं पडलं आणि तिथे पाणी आलं की तेच झिंक त्या उघड्या जागी हायड्रोजन तयार करायला लावतं. मऊ पोलादाला याचं काही नाही, तुमच्या पायाला आहे. आणि पायावर दगड, चिखल, पाणी हे सगळं चाकच उडवणार.

मग प्लेटिंगवाला भट्टीत भाजून देतो म्हणतोय त्याचं काय. बेकिंग, म्हणजे पार्ट तापवून आतला हायड्रोजन बाहेर काढणं, ही खरी गोष्ट आहे, तो थाप मारत नाहीये, पण तासभर हा आकडा कुठून आला ते त्याला विचारा. कॅडमियमच्या जुन्या अमेरिकन स्पेसिफिकेशनमध्ये, क्यूक्यू-पी-४१६ मध्ये, ४० एचआरसी आणि वरच्या पार्टला साधारण १९० डिग्री सेल्सिअसला किमान तीन तास आणि तेही प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत असं होतं, आणि नंतरच्या स्टँडर्डमध्ये कडकपणा वाढेल तसे तास वाढत वाढत वीस-बावीस तासांपर्यंत गेले. वेळ मोजायची ती पूर्ण जाडीचा रॉड आतून तापला तिथपासून, भट्टीचा दरवाजा बंद केला तिथपासून नाही. चमकदार झिंकचा थर घट्ट असतो, हायड्रोजन त्यातून बाहेर पडायला बघतच नाही, त्यामुळे ब्राइट झिंक भाजणं आणखी अवघड. पिवळं पॅसिव्हेशन (झिंकवरचा गंजरोधक रासायनिक थर) आधी करून मग भाजलं तर ते पॅसिव्हेशनच खराब होतं, म्हणून घाईतले लोक भाजणं टाळतात. आणि हे सगळं नीट केलं तरी दोन गोष्टी बेकिंगने होत नाहीत. एक म्हणजे जी चीर आधीच पडलीय ती बुजत नाही. दुसरी म्हणजे हायड्रोजन खरंच गेला का हे तयार पार्टकडे बघून कळत नाही. ज्यांना हे खात्रीने करायचं असतं ते त्याच लॉटबरोबर खाच पाडलेले खूप कडक पोलादाचे नमुने प्लेट करतात आणि त्यांच्या मोडण्याच्या लोडच्या ७५ टक्के लोड लावून २०० तास लटकवून ठेवतात, एएसटीएम एफ५१९ मध्ये हीच टेस्ट आहे. तुमच्या प्लेटिंगवाल्याकडे ही सोय आहे का? नसेल तर त्याचं "काही होणार नाही" हे फक्त मत आहे.

"पण मोठ्या विमानांच्या गिअरवर तर चकचकीत क्रोम असतं" असं तुम्ही म्हणाल, बरोबर आहे, आणि ते पोलाद तर तुमच्यापेक्षाही कडक, ३००एम, १९०० मेगापास्कलच्या आसपास. पण क्रोम कुठे असतं ते बघा, पिस्टनवर, जिथे सील घासत वरखाली सरकतो, म्हणजे झीज होऊ नये म्हणून ते तिथे आहे. त्याच्या आधी शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा) करून पृष्ठभागात दाब भरून ठेवलेला असतो, ग्राइंडिंगनंतर ताण काढलेला असतो, बेकिंगची नोंद असते, ग्राइंडिंगने पोलाद जळलं का ते तपासलेलं असतं, आणि तरी आता बऱ्याच ठिकाणी क्रोम सोडून टंगस्टन कार्बाइडचा फवारलेला थर वापरतात. गंजासाठी त्याच गिअरवर जे कॅडमियम असतं ते सुद्धा हायड्रोजन कमी सोडणाऱ्या खास टाकीतलं किंवा व्हॅक्यूममध्ये चढवलेलं, नाहीतर त्याऐवजी ॲल्युमिनियमचा थर. तुमच्या पायावर कुठलाही सील घासत नाही. मग क्रोम फक्त दिसण्यासाठी राहतं.

शिवाय क्रोमचा एक दोष हायड्रोजनशिवायचा आहे. हार्ड क्रोमच्या थरात मुळातच बारीक बारीक भेगा असतात आणि थर स्वतः ताणात असतो. पाय दर टॅक्सीला, दर लँडिंगला वाकतो आणि सरळ होतो, म्हणजे फटीगचा (पुन्हा पुन्हा वाकून थकून मोडण्याचा) पार्ट, आणि आपण त्याच्या सगळ्यात जास्त ताणाच्या जागी आयत्या भेगा नेऊन चिकटवतो. त्या भेगांतून पाणी खाली गेलं की क्रोमला काही होत नाही, खालचं पोलाद टाचणीच्या टोकाएवढ्या खड्ड्यांनी गंजतं, आणि असा प्रत्येक खड्डा म्हणजे फटीगची नवी सुरुवात. भाजून हे जात नाही.

अमेरिकन विमान डिझाइनर स्टीव्ह विटमन यांनी स्प्रिंग स्टीलचा पाय विमानाला आणला आणि छोटी विमानं बनवणाऱ्या सेस्ना कंपनीने तो त्यांच्याकडून लायसन्सवर घेतला, ते पाय इतकी वर्षं साध्या रंगाखाली चाललेत. तुम्हीही तेच करा. गंज हाताने काढा, बारीक एमरी पेपरने, आणि पेपर कायम लांबीच्या दिशेने फिरवा, आडवा कधीच नाही, कारण आडवा ओरखडा नेमका ताणाला काटकोनात जातो. खड्डा राहिला असेल तर तोही लांबीच्या दिशेने हळूहळू उतरता करून पुसा, पण किती धातू काढायचा याला मर्यादा आहे, गोल रॉडमध्ये वाकवण्याचा ताण व्यासाच्या घनाशी उलटा जातो, व्यास एक टक्का कमी झाला की ताण तीन टक्के वाढला, म्हणून आधी मायक्रोमीटर लावा आणि डिझाइनरला विचारा. नंतर मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी (पार्टला चुंबकत्व देऊन लोखंडी कणांनी चिरा दाखवणारी) करून घ्या, रंग लावायच्या आधी, नंतर नाही. मग सॉल्व्हंटने पुसून उघड्या हाताचा स्पर्श न होऊ देता त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर रंग. पावडर कोटिंगही चालतं, त्याची भट्टी साधारण १८०-२०० डिग्रीची असते आणि तुमचा पाय त्याच्या खूप वरच्या तापमानाला टेम्पर झालेला असतो, त्यामुळे ताकद उतरत नाही, फक्त कोटिंगवाल्याला निक्षून सांगा की ॲसिडमध्ये बुडवायचं नाही, नुसतं ब्लास्टिंग. मला स्वतःला पातळ रंग जास्त आवडतो, कारण जाड पावडरखाली चीर किंवा गंज लपून राहतो.

एक गोष्ट इथे ठळक सांगायलाच हवी. गंज काढायच्या ज्या घरगुती युक्त्या फिरत असतात त्या या पायांवर अजिबात करू नका. व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवणं, सायट्रिक ॲसिड, फॉस्फोरिक ॲसिडची गंज काढायची जेली, हे सगळं पिकलिंगच आहे, नाव वेगळं. आणि बॅटरी चार्जर लावून सोड्याच्या पाण्यात गंज काढतात ना, त्यात पार्ट निगेटिव्हला जोडतात, म्हणजे तुम्ही घरच्या घरी पार्टला कॅथोड करून त्यात हायड्रोजन भरताय. जुन्या लोखंडी अवजारांना ठीक आहे, गिअरच्या पायाला नाही. ॲसिड असलेला पेंट स्ट्रिपर पण नको, डबा वाचून घ्या.

आता जे आधीच झिंक झालंय त्याबद्दल. ४१३० चे ब्रॅकेट नॉर्मलाइज्ड असतील तर हायड्रोजनची काळजी नाही, पण त्यात कुठे बंद नळी किंवा एकावर एक पत्रा ठेवून केलेला वेल्ड असेल तर बारकाईने बघा, टाकीतलं ॲसिड अशा फटीत शिरून बसतं, धुतलं तरी निघत नाही आणि आतून पोखरतं. कडेला पांढरी पावडर किंवा तपकिरी ओघळ येत असेल तर तो ब्रॅकेट नवीन करा. बोल्टच्या डोक्यावरचा ग्रेड बघा. ८.८ असेल तर हायड्रोजनचा प्रश्न नाही, १०.९ चा वरचा हार्डनेस ३९ पर्यंत जातो म्हणून मी तो बाजूला ठेवीन, आणि १२.९ चे ॲलन बोल्ट, ३९ ते ४४ एचआरसी, कसून ठेवलेले, म्हणजे पुलावरच्या रॉडसारखीच स्थिती, ते वापरायचेच नाहीत. एएन बोल्ट (विमानासाठीच्या स्टँडर्डचे, मुळात कॅडमियम चढवलेले) असतील आणि त्यावर तुम्ही परत झिंक चढवून घेतलं असेल तर तेही बदला, त्यांची ताकद ८६० मेगापास्कलच्या आसपास असल्यामुळे ते तुटायची शक्यता कमी, पण मूळ कॅडमियम काढायला काय वापरलं आणि आटे किती जाड झाले हे आता कळायला मार्ग नाही आणि नवीन बोल्ट हा विमानातला सगळ्यात स्वस्त पार्ट आहे.

टेलव्हीलची पट्टी सगळ्यात वाईट. ती पण पाणी दिलेलं स्प्रिंग स्टील, ती पण विमान उभं असताना सतत वाकलेली. आत्ता भाजून घेऊ का असं तुम्ही विचाराल, तर नाही, प्लेटिंगला चार तास कधीच होऊन गेलेत, आणि मधल्या काळात ती बोल्टने कसून बसवली असेल तर चीर सुरूही झालेली असू शकते. मॅग्नेटिक तपासणीत चीर दिसली नाही म्हणजे आत हायड्रोजन नाही असं होत नाही. झिंक काढून परत वापरायचा विचारही नको, काढायला सहसा परत ॲसिडच लागतं. नवीन पट्टी घ्या, जुनी विमानावर असेल तर आजच टेल स्टँडवर घेऊन तिच्यावरचा लोड काढा, उतरवा, आणि डोळ्याला चष्मा लावून कटरने दोन तुकडे करूनच भंगारात टाका, कारण चकचकीत आणि अखंड दिसणारी पट्टी कुणीतरी उचलून आपल्या विमानाला लावेल.